बेथाकची तिवई

मी एक जुनी तिवई आहे, मित्रांनो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, जिथे झाडच उगवत नाही अशा एका बेटावर माझा जन्म झाला. फुटलेल्या गलबताची फळी लाटांनी किनाऱ्यावर टाकली. बेथाक नावाच्या मुलीच्या वडिलांनी ती उचलून आणली आणि तिला तीन पाय लावले. घराला धुराडं नव्हतं. धूर छताशी लोंबायचा, म्हणून मला बुटकं केलं. जमीन ओबडधोबड, तरी मी कधी डुगडुगले नाही.

बेथाक माझ्यावर बसूनच वाढली, म्हातारी झाली. तिच्या गोष्टी ऐकायला सारा गाव दाटीवाटीनं बसे. पुढे तरुण माणसं जहाजांनी दूरदेशी गेली. ऐकणारं कुणी उरलं नाही.

एका हिवाळ्यात ऑले मॅकफी नावाचा लेखक एडिंबराहून आला. तो गावोगावच्या गोष्टी गोळा करत असे. आत येताच म्हणाला, "आजी, एखादी परीची गोष्ट सांगा ना."

बेथाकनं ओठ मिटले. आमच्याकडे 'परी' हे नाव घरात कुणी घेत नाही, त्यांचा राग ओढवेल या भीतीनं.

"गोष्ट नाही. बटाटे उकडलेत, ते खा आणि जा."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. बेथाक खोकत अंथरुणात पडली होती.

"बस त्या तिवईवर. उभा राहिलास तर धुरानं तुझं शहाणं डोकं काळं होईल. आणि आज तूच सांग."

"एकच येते, आजी. आईकडून ऐकलेली, तीही अर्धी. एक बाई टेकडीतल्या भल्या शेजाऱ्यांचं गाणं ऐकत आत गेली..."

"काय म्हणालास?"

"भले शेजारी. त्यांचं खरं नाव न घेता आई तसंच म्हणायची."

"मग काल ते दुसरं का बरळलास?"

"शहरात तसं म्हणतात."

"शहरात त्यांना कुणी भीत नाही. बोल पुढे."

"तिच्या मुलानं टेकडीच्या दारात लोखंडी सुरी खोचली, दार मिटू नये म्हणून. आणि आईला हाक मारली." ऑले थांबला. "इथवर सांगून आई आजारी पडली. ती गेली. शेवट कुणालाच ठाऊक नाही. सगळीकडे विचारून झालं."

बेथाक उठून बसली.

"आई दारापर्यंत आली. पण तिनं आतलं अन्न खाल्लं होतं, तिला उंबरा ओलांडता येईना. तिनं मुलाला डोळे भरून पाहिलं. म्हणाली, 'सुरी काढून घे, बाळा. तुझे हात गारठलेत.'"

"आणि?"

"आणि त्यानं काढली."

मित्रांनो, त्या क्षणी धूरसुद्धा थबकल्यासारखा वाटला. गलबतात असताना ऐकलेला समुद्र माझ्या लाकडात पुन्हा घुमला. माझ्यावर पिढ्या बसल्या, पण त्या दिवशीच्या ऑलेइतकं जड कुणी नव्हतं. तो उठला तो मात्र हलका होऊन.

वसंत लागायच्या आधी बेथाक गेली. जाताना तिनं मला ऑलेला दिलं. माझ्यावर बसून त्यानं त्याचं पुस्तक लिहिलं. त्यात 'परी' हा शब्द एकदाही नाही.

आता मी संग्रहालयात असते. पुढे दोरी आणि 'बसू नये' अशी पाटी. रोज पुसतात, पण कुणी टेकत नाही. मुलांनो, घरात कुणी गोष्ट सांगत असेल तर जवळ बसा. शेवट ऐकल्याशिवाय उठू नका. आणि कधी इकडे आलात, तर कुणाला तरी ती दोरी सोडायला सांगा.

मी अजून डुगडुगत नाही.