एका वेळी एकच सूर

माझी आत्या ब्लूज गिटार वाजवते आणि कॉर्ड वाजवत नाही. गिटारला सहा तारा असतात. चार-पाच एकदम छेडल्या की कॉर्ड होते. आत्या एका वेळी एकच तार छेडते. बाकीच्या पाच बहुधा सोबतीला असतात.

"सगळ्या एकदम वाजवण्यात काय मोठेपणा? गिटार जिन्यावरून पडली तरी वाजतात," असं तिचं म्हणणं.

ती काचेच्या दुकानात काच कापते. काचेवर कटरची रेघ एकदाच ओढायची. पुन्हा फिरवली की काच भलतीकडेच फुटते. त्यामुळे घरातही ती कुठलीही गोष्ट एकदाच सांगते. दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छातीच होत नाही.

सतरा वर्षांपूर्वी तिनेच आमचा बँड सुरू केला. आता बेस गिटारवर मी, ड्रमवर एक पोस्टमन आणि गायला दातांचे डॉक्टर. डॉक्टरांचा आवाज फार दुखरा आहे. दिवसभर ऐकून ऐकून लागला असावा.

यंदा कीबोर्ड वाजवणारी बदली होऊन दुसऱ्या गावी गेली. नेमकं तेव्हाच एका हॉलच्या मॅनेजरबाईंना वर्षभर दर शनिवारी दुपारी वाजवणारा बँड हवा होता. रविवारी हॉलमध्ये लोकांसमोर वाजवून घेऊन त्या ठरवणार होत्या.

"ताई, मागे पोकळ वाटतं हो," डॉक्टर म्हणाले. "थोड्या कॉर्ड घ्या की."

"पोकळी दिसली की भरायची, ही तुमची दवाखान्यातली सवय आहे. इथे राहू द्या."

डॉक्टर ओशाळले, पण मागे हटले नाहीत. रविवारी ते आपल्या मेहुण्याला गिटारसकट घेऊन आले. "एक गाणं दोघं मिळून वाजवा. ज्याच्यामुळे गाणं उभं राहील, तो बँडमध्ये राहील."

मी डॉक्टरांना काहीतरी सुनावणार होतो. "गप रे, बेस लाव," आत्या म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. पण पट्टा खांद्यावर घेताना तिचा हात दोनदा चुकला. तिचा हात चुकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

गाणं सुरू झालं. मेहुणा गुणी माणूस, खोटं कशाला बोला? त्याला तीनशे कॉर्ड येत असाव्यात, आणि कुणी रुसू नये म्हणून त्याने सगळ्यांना बोलावलं. डॉक्टरांना श्वास टाकायला जागा उरेना. ते पहिल्या कडव्यात गुदमरले आणि दुसऱ्याचे शब्द साफ विसरले.

मग त्यांच्या तोंडाला जे रोजचं पाठ होतं, ते बाहेर पडलं.

"मोठं उघडा..." डॉक्टर गायले. "अजून मोठं..."

समोरची साठ माणसं गंभीर झाली. दोघांनी तोंड उघडलं.

"दुखलं तर डावा हात वर करा..." डॉक्टरांनी हे अत्यंत कळवळून गायलं. मागच्या रांगेत एक हात वर गेला.

मेहुण्याला वाटलं, नवीन कडवं दिसतंय. त्याने आणखी कॉर्ड ओतल्या. डॉक्टरांच्या कपाळावर घाम. आता गुळण्या करायला सांगणार, एवढंच बाकी होतं.

तोवर आत्याने एकही सूर वाजवला नव्हता. तिने मेहुण्याकडे बघून फक्त तळवा वर केला. तो थांबला. पोस्टमन आणि मी आपोआप दबकून वाजवू लागलो.

आणि आत्याने एक तार छेडली, बोटाने ओढून वर नेली. मग दुसरा सूर. मग तिसरा. डॉक्टर जी ओळ विसरले होते, तीच ती वाजवत होती, अक्षराला अक्षर. ते जिथे आवंढा गिळतात, तिथला आवंढासुद्धा. कॉर्डच्या गर्दीत हे सांगता आलं नसतं. एकेका सुरात ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "दार उघडं टाकून गेलीस," ते गायले, "आता वारा राहतो घरात."

ते गात, थांबत. त्या थांबलेल्या जागेत आत्या एक सूर ठेवी आणि हात काढून घेई. साठ माणसं तो विरेपर्यंत हलत नव्हती. मी नुसता बेस वाजवत होतो, पण ऐट अशी की ती तार मीच बनवली आहे.

"पुढच्या शनिवारपासून या," मॅनेजरबाई म्हणाल्या. "आणि ते हात वर करायचं कडवं गाळू नका."

डॉक्टर आत्यासमोर उभे राहिले. "ताई, माझं चुकलं. तुमची जागा तुमचीच."

"हो," आत्या म्हणाली.

मेहुणा गिटार पिशवीत घालता घालता घुटमळला. "एवढे सूर असताना नेमका तोच कसा निवडलात?"

"बाकीच्यांचं तिथे काही काम नव्हतं."

त्याने वाकून नमस्कार केला. बाहेर पडताना मला एका गृहस्थांनी अडवलं. स्वच्छतागृह कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

"सख्खी आत्या आहे माझी," मी म्हणालो.