शंभरीपलीकडचे वाचक

"एकशे सोळा?" नवीन सॉफ्टवेअर बसवायला आलेली टॅमसिन भिंतीवरच्या पडद्याजवळ जाऊन म्हणाली. "तुमच्याकडे एकशे सोळा वर्षांचा वाचक आहे?"

पडदा नवाकोरा होता. त्यावर आमच्या हॅलम बे गावातल्या सगळ्या वाचकांच्या वयांचे निळे खांब उभे होते. शाळेतली पोरं डावीकडे, निवृत्त मंडळी उजवीकडे. आणि त्यांच्याही पलीकडे, जिथं कुणीच नसायला हवं होतं तिथं, सात बारक्या काड्या.

"आणि गेल्या महिन्यात यानं बोटीच्या इंजिनावरची दोन पुस्तकं नेलीत!"

आम्ही लायब्ररीतले चौघं चहाचे कप घेऊन उभे होतो. मी लॅमिंग्टन केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही. व्हर्ना नोस्के मात्र खिडकीबाहेर, खाडीत पाळलेल्या कालवांच्या रांगांकडे बघत होती, जसं काही तिचा यात संबंधच नाही.

संबंध सगळा तिचाच होता. लायब्ररीचे रिपोर्ट कितीतरी वर्षं व्हर्नाच काढत आली. खिडकीजवळच्या जुन्या संगणकात आकडे शोधून काढणाऱ्या, तिनं स्वतः बांधलेल्या क्वेऱ्या होत्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती बटण दाबायची आणि यंत्र घरघरत बसायचं. आकडे येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. तेवढा वेळ व्हर्ना हनुवटी तळहातावर टेकवून पाण्याकडे बघायची. ओहोटी लागलेली असायची, पेलिकन धक्क्याच्या खांबांवर पेंगत असायचे, कुणी स्क्विडसाठी गळ टाकून बसलेलं असायचं. व्हर्नाचे डोळे उघडे, पण ती स्वतः तिथं नसायची. चहा तसाच गार व्हायचा. मग घरघर थांबायची, ती कुठूनतरी परत यायची आणि म्हणायची, "आले हं आकडे."

त्या रिपोर्टात वयाचा शेवटचा रकाना होता 'पंचाहत्तर आणि पुढे'. पुढे म्हणजे किती पुढे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवीन सॉफ्टवेअरला मात्र सगळंच वेगवेगळं दाखवायची हौस.

आमच्या गावात एक रीत आहे. माणूस एखादं पुस्तक अर्ध्यावर ठेवून वारला, तर घरातल्या कुणीतरी ते वाचून संपवायचं आणि मगच परत करायचं. त्याला गोष्टीचा शेवट कळायला नको का? पण एक संपलं की त्याच मालिकेतलं पुढचं पुस्तक खुणावतं. मग तेही त्याच कार्डावर नेलं जातं, तेही अर्धवट राहतं, आणि वर्षं कशी जातात कळत नाही. कार्ड बंद करा, असं आम्ही कधी कुणाला म्हटलं नाही.

सात काड्यांमधली एकशे तीनची काडी म्हणजे व्हर्नाची आई, एल्सा. मेंढ्या कातरणाऱ्यांच्या तळावर तिनं जन्मभर स्वयंपाक केला, आणि म्हातारपणी घोडे-बंदुकांच्या कादंबऱ्यांचं वेड घेतलं. मोठ्या अक्षरांतल्याच लागायच्या. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. व्हर्नाला त्या कादंबऱ्यांचा मनस्वी कंटाळा, तरी दर महिन्याला आईच्या कार्डावर ती एक घरी नेते आणि शेवटच्या पानापर्यंत वाचते.

"काळजी नको," टॅमसिन म्हणाली. ॲडलेडहून आलेली ही मुलगी मनानं वाईट नव्हती. "डेटात थोडी घाण असतेच. एक गाळणी लावते, शंभरच्या पुढचे सगळे जातील."

"थांब," व्हर्ना म्हणाली. "घाण नाहीये ती."

मग तिनं सगळं सांगून टाकलं, आईचंसुद्धा. टॅमसिनचा हात माउसवरून खाली आला.

"सॉरी, व्हर्ना. मला खरंच माहीत नव्हतं. पण गेलेल्या माणसांना आपण वाचक म्हणून मोजतोय, हे आता मला दिसलंय. कार्डं बंद करावीच लागतील. शुक्रवारपर्यंत."

"करते. पण तुझ्या गाळणीनं नाही. माझ्या माणसांना मी सांगेन."

टॅमसिननं मान हलवली. जाताना एवढंच म्हणाली, "पडद्यावर लगेच दिसणार नाही हं. आकडे रोज पहाटे ताजे होतात."

व्हर्नानं फोन लावायला सुरुवात केली. पहिला कालवंवाल्या क्लॅरीला. एकशे सोळाची काडी त्याच्या वडिलांची. फोनमधून त्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता.

"आत्ता कसं बंद करता? म्हातारा पुस्तकाच्या मध्यावर आहे."

"क्लॅरी, ते जाऊन एकवीस वर्षं झाली."

"जाडं पुस्तक आहे गं!"

व्हर्ना इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. दुपारी क्लॅरी ओल्या बुटांनिशी आला, इंजिनाची दोन्ही पुस्तकं आणि कार्ड टेबलावर ठेवलं आणि कार्डावर हलकेच थाप मारली. "म्हाताऱ्याला काय सांगू?"

"सांग, व्हर्नानं बंद केलं. शिव्या मला घालू देत."

बाकीचेही असेच एकेक करून आले. कुणी भांडलं नाही. एका बाईंनी तर येताना खिमा भरलेल्या गरम पेस्ट्या आणल्या, जसं काही दहावं करायलाच आल्या होत्या. गुरुवार संपेपर्यंत सहा कार्डं झाली. शुक्रवारी दुपारी सातवं तेवढं उरलं होतं.

"आणि तुझं?" मी विचारलं.

"माझं नाही, आईचं." तिनं पिशवीतून मोठ्या अक्षरांची कादंबरी काढली. मुखपृष्ठावर घोडा, धूळ आणि एक टोपीवाला. "ग्लेनिस, हे गेलं की महिन्यातून एकदा तिच्यासाठी करायचं असं काही उरत नाही गं."

मी तिचा गार झालेला कप उचलला आणि नवा चहा करून आणला.

ती खिडकीजवळ वाचत बसली. तिच्या बाजूचा जुना संगणक बंद होता, त्यावर कुणीतरी झाडाची कुंडी ठेवली होती. बाहेर ओहोटी लागली. पाणी मागं मागं सरत गेलं आणि कालवांच्या रांगा उघड्या पडल्या. मधूनच ती मान वर करून पाण्याकडे बघायची, मग पुन्हा पानात. इतके दिवस यंत्र घरघरत असताना ही कुठं जायची, ते मला त्या दुपारी कळल्यासारखं वाटलं. मी दार बंद केलं, दिवे तसेच ठेवले, आणि थांबले.

"वाचला बाई टोपीवाला," शेवटी ती म्हणाली. "दरवेळी वाचतोच मेला. तरी ती दरवेळी घाबरायची."

पुस्तक तिनं माझ्याकडे दिलं. मी ते स्कॅनरखाली धरलं, टुक वाजलं. मग तिनंच कार्ड बंद केलं. डोळे माझेच भरले.

आम्ही दोघी पडद्याकडे वळलो. पहिली सहा कार्डं बुधवार-गुरुवारी बंद झाली होती, त्यांच्या काड्या दुसऱ्या पहाटे गेल्या होत्या. एकशे तीनवर एकच निळी काडी उभी होती.

"पहाटेपर्यंत आहे," मी म्हणाले.

व्हर्नानं कोट चढवला, दिवे मालवले. पडद्याच्या बटणाकडे माझा हात गेला तशी तिनं तो धरला.

"राहू दे ना चालू," ती म्हणाली. "तिला अंधारात वाचता येत नाही."

आम्ही कुलूप लावून बाहेर आलो. धक्क्यापर्यंत गेल्यावर मी मागं वळून बघितलं. काचेतून पडद्याचा निळसर उजेड खुर्च्यांवर पडला होता.