लाल गाडीची खांदशेकणी

यंत्रात मालकाचा स्वभाव उतरतो, असं टिकारामचं ठाम मत होतं. हे मत तो जमिनीवर उताणा पडून, गाडीच्या नाकाखालून मांडत होता. नेमक्या त्याच वेळी गंजक्या पाण्याचा एक थेंब त्याच्या कपाळावर पडला, गंध लावतात तिथंच.

"मंग तुमीच गळून राहिले म्हना," ओसरीवर हरभऱ्याची डाळ निवडत विमलाबाई म्हणाली.

टिकारामनं मनगटानं कपाळ पुसलं. बायकोशी वाद घालायला माणूस निदान उभा तरी असावा लागतो.

गाडी दोनच माणसांची, बिनटपाची, लाल. नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवरचा परदेशी इंजिनियर पंच्याहत्तर साली मायदेशी परतताना ती विकून गेला, आणि टिकारामनं घरची बैलजोडी विकून ती कोंढ्याला आणली. ती ताशी दोनशेवीस किलोमीटर जाते, असं तिच्या काट्याचं म्हणणं होतं. कोंढ्याच्या रस्त्यावर ती ताशी सहाच्या वर गेली की पोट घासायची. तिचं दुखणंखुपणं टिकाराम घरीच काढायचा. कार्बोरेटर कोंबडीच्या पिसानं साफ व्हायचा. पंख्याचा पट्टा धानगिरणीच्या जुन्या पट्ट्यातून कापून शिवलेला होता. फक्त रेडिएटरनं त्याला दाद दिली नव्हती. साबण लावून झाला, डांबर लावून झालं, भंडाऱ्याहून डाग देऊन झाला. पाणी निमूटपणे दुसरी जागा शोधायचं.

एरवी हे चाललं असतं. पण उद्या पोळा होता.

बैल विकल्यापासून टिकाराम पोळ्याच्या दिवशी आखरावर, गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, नुसताच उभा राहायचा. नवं धोतर, डोक्यावर टोपी, आणि हातात कासरा नाही. सगळं गाव आपापली जोडी घेऊन तोरणाखालून जायचं आणि हा बाजूला, पाहुण्यासारखा. तीन वर्षं त्यानं असं काढलं. शेवटी परसराम पाटलांना दया आली.

"आन बाप्पा तुही गाडी रांगेत," ते म्हणाले होते. "पन तोरनाखालून आपल्या पायानं गेली पायजे. ढकलली तं मोजनार नाई."

त्यालाही तीन पोळे झाले होते आणि गाडी एकदाही मोजली गेली नव्हती. चालण्याचं तिला वावडं नव्हतं, अडचण उभं राहण्याची होती. रांगेत तासभर थांबावं लागे आणि इंजिन बंद करायची सोय नव्हती, कारण एकदा बंद पडलं की ते दुसऱ्या दिवशीच ऐकायचं. तेवढ्या वेळात रेडिएटर रिकामा होई, वाफ उठे, बैल बुजत. पुढच्या जोडीचा कासरा धरलेला डोमा दर वर्षी मान वळवून विचारायचा, "टिकाराम, च्या झाला काय गा?"

दिवस कलला तशी घरोघर बैलांची खांदशेकणी सुरू झाली. वर्षभर जू वाहून काचलेले खांदे गावानं हळद-तुपानं चोळले. विमलाबाईनं हा नेम बैल गेल्यावरही मोडला नव्हता. इतकी वर्षं ती रिकाम्या खुंट्यालाच हळद लावत आली होती. यंदा गडवाभर कोमट पाण्यात तिनं सढळ हातानं हळद कालवली, चमचाभर तूप सोडलं आणि गाडीपाशी आली. टिकाराम विहिरीवर हातपाय धूत होता.

खांदा कुठला, हे तिला ठरवावं लागलं. पुढच्या दोन्ही चाकांवरच्या फुगवट्यांवर तिनं हळद चोळली. गडवा तरी अर्धा उरला. खांदशेकणीची हळद फेकत नाहीत. रोज सकाळी नवरा हिला पाणी कुठून पाजतो, हे तिनं सहा वर्षं पाहिलं होतं. जिथून पाणी पिते ते तोंड. तिनं झाकण फिरवलं, हळद आत ओतली, झाकण लावलं आणि स्वयंपाकाला लागली.

सकाळी टिकाराम गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"थांबलं," शेवटी आतून आवाज आला.

"काय थांबलं?"

"गळनं. काल म्या तो नट आवळला नं, तो लागू पडला."

"बरं झालं," विमलाबाई म्हणाली. तिला पुरण वाटायचं होतं.

दुपार ढळल्यावर आखरावर रांग लागली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. डोमानं दोनदा मान वळवली. वाफ नव्हती. इंजिन गरम होत चाललं तसा एक ओळखीचा वास मात्र पसरायला लागला.

"टिकाराम, यंदा वरन शिजून राह्यलं काय गा?"

"तू बैल पाह्य."

डफ वाजला. पाटलांनी हात वर केला. डोमाची जोडी गेली. मागून लाल गाडी निघाली, बैलाच्याच चालीनं, न धापता, न अडता. टप नव्हताच, त्यामुळे तोरणाची आंब्याची पानं टिकारामच्या टोपीवरून सरसरत गेली. त्यानं दोन्ही हातांनी चाक धरलं होतं. मान ताठ होती. डोळे पुसायला तिसरा हात नव्हता.

परसराम पाटलांनी बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी गाडीच्या नाकाडावर थाप दिली.

"मोजली," ते म्हणाले.

डोमानं मुकाट्यानं आपली जोडी बाजूला घेतली आणि वाट दिली. त्याचा डावा बैल जाताजाता चाकावरचा फुगवटा चाटून गेला.

पिंपळाखाली चार माणसं जमली. नट कसा आवळायचा, किती आटे द्यायचे, कुठं थांबायचं, हे टिकारामनं त्यांना समजावून दिलं. बोलता बोलता त्यानं फडकं धरून रेडिएटरचं झाकण जपून सैल केलं आणि फडक्याकडे पाहिलं. ते पिवळं झालं होतं. पुढचं वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं. फडक्याची घडी केली, खिशात घातली.

दारात विमलाबाई उभी होती. तिनं चारी चाकांवर पाणी घातलं, नाकाडाला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास समोर ठेवला. टिकाराम इंजिन चालू ठेवून बसून राहिला.

"हळद उरली काय?"

"कायले?"

"पुढच्या पोळ्याले."

विमलाबाईनं पदराला हात पुसले. "दळून ठेवतो," ती म्हणाली.

आखर टिकारामच्या दारापासून एकशे चाळीस पावलांवर आहे. त्या साली गाडी एकूण दोनशे ऐंशी पावलं चालली.