बाबांच्या मधाची तपासणी

माणसानं कशात जीव रमवावा याला काही धरबंध नसतो. त्या संशोधनसंस्थेच्या तळमजल्यावर असे रमलेले लोक एका ओळीत बसत. पहिल्या खोलीतले गृहस्थ माशाच्या कानातला इवलासा खडा कापून त्यातल्या वलयांवरून माशाचं वय सांगत, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं कानखडे. त्यांच्या शेजारी वाळूशेठ. चिमूटभर वाळू बघून ती नदीनं आणलेली, समुद्रानं घासलेली की वाऱ्यानं उडवलेली, हे ते सांगत, आणि कोणी ऐकून घेत असेल तर तासभर सांगत. पलीकडे जाळेकाकू. त्यांच्या खोलीत झाडूला मज्जाव होता, कारण छताला लोंबणारी जाळी त्यांच्या कोळ्यांची होती. आणि अगदी टोकाला मधबाई.

मधबाई मधातले परागकण बघायची. माशी फुलावर बसते तेव्हा फुलाची पूड तिच्या अंगाला लागून मधात उतरतेच. ती पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की मध कुठल्या रानातला, कुठल्या ऋतूतला, आणि मुळात मध तरी आहे की साखरेचा पाक, हे सगळं कळतं. तिच्या एका सहीनं मधाची पिंपंच्या पिंपं परत गेली होती. व्यापारी तिला वचकून असत. तिला मात्र त्या सहीत काही रस नव्हता. आपण कधीही न पाहिलेल्या रानात खुर्चीवर बसल्या बसल्या फिरून यायचं, हेच तिचं सुख होतं, आणि त्या सुखात तिची निम्मी हयात कुठे गेली ते तिलाही कळलं नव्हतं.

या मंडळींचा एक रिवाज होता. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारच्या चहाआधी, एकानं स्वतःच्या घरातली एखादी वस्तू आणायची, आधी कधीही न तपासलेली, आणि सगळ्यांसमोर पहिल्यांदा तपासायची. तयारी करायची नाही, आणि जे दिसेल ते बोलायचं. एवढा एकच नियम, पण त्यानं भल्याभल्यांची फजिती केली होती. कानखड्यांनी एकदा घरी जेवणासाठी आणलेला मासा आणला, आणि कोवळा म्हणून गळ्यात मारलेला तो मासा चांगला आजोबा निघाला. घरी त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते असो.

या महिन्यात पाळी मधबाईची होती, आणि काय आणायचं याचा तिला विचारच करावा लागला नाही. डोळ्यातला मोतीबिंदू काढायला बाबा तिच्याकडे येऊन राहिले होते. बाबांचा धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा, पण नाद मधमाश्यांचा. घरामागे त्यांच्या पेट्या असत, आणि हंगाम सरला की दरवर्षी तिच्याकडे मधाची एक बरणी यायची. ती बरणी तिनं कधी यंत्राखाली धरली नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला? पावावर लावून खायची, आणि फोन करून सांगायची, "मध मिळाला बाबा. छान आहे."

तिच्या मनात एवढंच होतं की एकदा बाबांना टाळ्या मिळाव्यात. तिला हा नाद लागला तो त्यांच्यामुळे. लोक तिचं कौतुक करत आणि ते घरी बसून दुसऱ्यांची घड्याळं लावत. आज त्यांचा मध भिंतीवर उमटेल, सगळे बघतील, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून ती म्हणेल, हे त्यांचं काम. या विचारानं तिला आदल्या दिवसापासून गहिवरून येत होतं.

"बाबा, यंदाचीच बरणी घेतेय हं," तिनं सकाळी सांगितलं.

"सगळ्यांसमोर उघडणार?" बाबा थबकले.

"मग काय झालं? लाजताय काय?"

"नाही गं. उघड की." आणि त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.

मोठ्या खोलीचे पडदे ओढले होते. तिनं मध कोमट पाण्यात विरघळवला, नळीत भरला आणि नळी फिरकीच्या यंत्रात ठेवली. यंत्र घुमू लागलं. जड असेल ते तळाशी बसायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ या मंडळींना आवडायचा. अंधारात कोणीही काहीही बोलायचं.

"माझा एक कोळी आहे," जाळेकाकू म्हणाल्या, "रोज जुनं जाळं खाऊन टाकतो आणि त्याच धाग्याचं नवं विणतो. कालचं घर पोटात घालून आजचं बांधायचं. मला कधी कधी वाटतं, हे जमायला हवं होतं आपल्याला."

"तुम्हाला घर झाडायचा कंटाळा येतो म्हणून," वाळूशेठ म्हणाले, आणि मग आपल्या वाळूबद्दल बोलू लागले. एकेक कण डोंगरापासून निघालेला, वाटेत किती नद्यांच्या कुशीत निजलेला, पुन्हा उठून चालू लागलेला. ते बोलत होते आणि यंत्र घुमत होतं, आणि खोली हलकेच पाण्यावर तरंगते आहे असं तिला वाटू लागलं. तिनं बाबांकडे पाहिलं. मोतीबिंदू काढलेल्या नव्या डोळ्याला सगळं जरा निळं दिसतं म्हणत होते सकाळी. यंत्राच्या दिव्याकडे ते एकटक बघत होते.

तिनं तळाचा थेंब काचपट्टीवर घेतला, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि त्याचं चित्र भिंतीवर पाडणारा दिवा लावला.

भिंतीवर सोन्याचे गोळे उमटले. मोठमोठे, अंगभर काटे असलेले, एकमेकांना चिकटून बसलेले. काही एकटेच उजेडात तरंगत होते आणि फार सावकाश वळत होते. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे पिवळे झाले. कोणीतरी "अहाहा" म्हटलं. जाळेकाकू उठून भिंतीजवळ गेल्या आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवरून एक गोळा सरकत गेला.

मधबाई मात्र डोळे बारीक करून बघू लागली. ते भोपळ्याच्या फुलाचे कण होते, दुसरं काहीच नव्हतं. तिनं पट्टी सरकवली, पुन्हा सरकवली. गवत नाही, झुडूप नाही, मोहर नाही. खऱ्या मधात रानभरची फुलं असतात, आणि भोपळ्याचा हा एवढा काटेरी कण तर माशी अंगावरून झटकून टाकते, मधात तो जेमतेम सापडतो. हे असले घोसच्या घोस माशीनं आणलेले नव्हते. हा साखरेचा पाक होता आणि त्यात कोणीतरी हातानं फूल झटकलं होतं. असले नमुने तिनं कितीदा तरी परत पाठवले होते.

"एकच फूल?" वाळूशेठ भाबडेपणानं म्हणाले. "माश्या काय एकाच वेलीवर बसून होत्या की काय?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. दिसेल ते बोलायचं. बोलावं, तर ज्यांना टाळ्या मिळवून द्यायला आणलं ते बाबा भर खोलीत लबाड ठरत होते. गप्प बसावं, तर आयुष्यात पहिल्यांदा काचेवर जे दिसलं ते गिळावं लागणार होतं. मनातल्या मनात ती बाबांवर चिडलीही. कशाला केलंत हे, माझ्याकडे मागितला असता तर मीच मध पाठवला नसता का?

"भोपळाच ना?" अंधारातून आवाज आला. बाबा उभे राहिले होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की ती बघतच राहिली. "बाप रे, एवढे मोठे दिसतात? मला वाटलं नव्हतं!"



"माश्या गेल्या हो," ते सगळ्यांना सांगू लागले. "कधीच गेल्या. रोग आला, पेट्या रिकाम्या झाल्या. हिला सांगायची लाज वाटली. पोरगी एवढी मधाची तज्ज्ञ, आणि बापाकडे माशी नाही! म्हणून पहिल्या वर्षी पाक करून पाठवला. मग वाटलं, ही तर बघणारच, हिचं कामच ते. नुसता पाक बघून काय वाटेल तिला? म्हणून दुसऱ्या वर्षी पाकात एक फूल झटकलं. हिचा फोन आला, छान आहे म्हणाली. मी म्हटलं, ओळखलंन! ओळखलंन आणि बापाला उघडं पाडलं नाही. मग मला गंमतच वाटायला लागली. दरवर्षी वेगळं फूल. वर्षभर शोधत फिरायचो, कुठलं घालू, कुठलं हिला अवघड जाईल."

ते तिच्याकडे वळले. "गेल्या वर्षी जास्वंद होती. ती लगेच कळली असेल. पण त्याच्या आदल्या वर्षीचं? ते आपल्या घरामागच्या काळ्या भिंतीवरचं रानफूल, मलाही नाव माहीत नव्हतं त्याचं. ते ओळखता आलं का गं?"

जाळेकाकूंनी तोंडावर हात धरला. वाळूशेठ खाली बघत होते. भिंतीवर ते सोन्याचे गोळे सावकाश वळत राहिले, आणि मधबाईला दिसल्या एकामागून एक बरण्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बोटांनी पुसून चाटून रिकाम्या केलेल्या. जगभरचा मध तिनं बघितला होता. तिच्यासाठी आलेली पत्रं ती पावाला लावून खाऊन बसली होती.

"हो" म्हणणं किती सोपं होतं. बाबा तर त्याच्याच वाटेकडे डोळे लावून उभे होते. पण तिला ते म्हणता येईना.

"बाबा," ती म्हणाली, "मी कधी बघितलंच नाही. एकही बरणी नाही. मी खाल्लं सगळं."

बाबांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो त्यांनी एकदा उचलला आणि परत ठेवला. एवढी वर्षं ते एकटेच खेळत होते, हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागत होता. मग त्यांनी नव्या डोळ्यानं भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"सगळं?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"गोड होतं?"