टपावरचे डोंगे

मोहिउद्दीनने पाना नटावर बसवला आणि सगळा जोर लावून तो आणखी अर्धा फेरा फिरवला. लोखंडी पट्टी करकरली. पांढरकवड्याहून निघाल्यापासून ही चौथी वेळ.

"भाई, आता पुरे ना," गाडीत बसलेली मानीबाई म्हणाली. "तुटून जाईन ते."

"कायले तुटते? कापसाच्या गठाणीची पट्टी हाय."

यवतमाळ मागे पडलं होतं. एप्रिलचं ऊन टपावर तापत होतं, आणि टपावर दोन डोंगे, मासेमारीच्या लहान होड्या, पालथे बांधलेले होते. सावरीच्या खोडातून कोरलेले, वजनाला हलके, पण गाडीहून हातभर लांब. मोहिउद्दीनच्या जुन्या गाडीचा कॅरिअर ट्रंका आणि वळकट्यांसाठी केलेला. डोंगे त्यावर मावेनात, म्हणून दोन दिवस खपून त्याने भंगारातल्या बसचे नळ आडवे जोडले होते, डोंग्यांची तोंडं टेकायला पुढच्या बंपरवर लोखंडी घोडा उभा केला होता, लाकूड घासू नये म्हणून खाली टायरचे तुकडे घातले होते. लोक हसले होते. "मिस्त्री, गाडीले शिंगं फुटले का?"

त्याला हसू आलं नव्हतं. गेल्या साली याच कॅरिअरवरून एका वऱ्हाडाची ट्रंक घसरली आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याचा पाय मोडला. तो माणूस अजून काठी घेऊन चालतो. तेव्हापासून टपावर काही वाजलं की मोहिउद्दीनचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

मानीबाई एका मासेमार भोयाची विधवा. दिग्रसजवळच्या नव्या तलावातल्या मासेमारीचा ठेका सरकारी कचेरीने तिला देऊ केला होता, पण एका अटीवर. आज बारापर्यंत स्वतःचे दोन डोंगे पाण्यात घालून मधल्या खांबापर्यंत नेऊन आणायचे. नाहीतर यादीतलं पुढचं नाव भगवानराव ठेकेदाराचं होतं.

घाटाच्या वळणावर समोरून भरधाव ट्रक गेला. वाऱ्याच्या झोताने डोंग्यांची तोंडं वर उचलली गेली आणि टपावर 'टक्' असा आवाज झाला.

मोहिउद्दीनने गाडी कडेला घेतली. हात चाकावरून सुटेनात.

"बसा तुमी. मी पायते," म्हणत मानीबाई खाली उतरली आणि पायरीवर चढली. बराच वेळ ती वर काहीतरी करत होती. परत येऊन बसली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"सगळं बराबर हाय. चाला."

तलावावर पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. कचेरीतले चंद्रशेखरबाबू बांधावर छत्री धरून उभे होते. थोड्या अंतरावर भगवानराव आणि त्याची माणसं. मोहिउद्दीनने पट्ट्या सोडल्या, गावातल्या चौघांनी डोंगे उतरवून उताणे केले. एका डोंग्यावर, बरोबर पट्टीखाली, वीतभर तडा गेला होता. तड्यात मानीबाईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी कोंबलेली होती.

"हे कवा झालं?" मोहिउद्दीनने विचारलं.

"घाटात."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय केलं असतं तुमी? डोकं धरून तिथंच बसले असते. बारा वाजले असते."

मोहिउद्दीन तड्यावरून बोट फिरवत राहिला. "मीच आवळली पट्टी. माह्याच पान्यानं फुटला."

"आवळली म्हणून तर इथलोक आला," ती म्हणाली आणि दोन्ही डोंगे शेजारी लावून आडव्या बांबूने बांधू लागली.

चंद्रशेखरबाबूंनी घड्याळ पाहिलं. "बाई, वीस मिनिटं राहिली."

चिंधीतून पाणी झिरपणार हे उघड होतं. मानीबाईने मोहिउद्दीनच्या हातात डालड्याचा रिकामा डबा दिला.

"पोहता येते?"

"नाही."

"मंग हलू नका. बसून पाणी काढत राहा."

त्याने चपला बांधावर काढल्या. डोंगा त्याच्या वजनाने डुलला तसा तो कडा धरून खाली बसला. गार पाणी घोट्यांपर्यंत चढलं. त्याने डबा बुडवला, बाहेर ओतला, पुन्हा बुडवला. मागे उभी मानीबाई लांब बांबू तळाला रोवून डोंगे ढकलत होती, आणि काठ मागे सरकत गेला.

अर्ध्या वाटेत डोंगे थांबले. मागे उभ्या मानीबाईचा बांबू हलत नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही." मग बारीक आवाजात ती म्हणाली, "भाई, मी जाळंच टाकत होती नेहमी. बांबू ते मारत होते. आज पयल्यांदा उभी राह्यली."

मोहिउद्दीनला मागे वळून बघता आलं असतं. त्याने बघितलं नाही.

"काई तरी बोलत राहा," ती म्हणाली.

त्याने डबा भरला, ओतला. "काल आमच्या पोरीनं, गुलनारनं, पयली भाकर केली."

"कशी झालती?"

"एका अंगानं जळली, एका अंगानं कच्ची."

"मंग?"

"मंग काय? खाल्ली."

मागे बांबू पाण्यात शिरला, तळाला टेकला आणि डोंगे खांबाकडे सरकले.