विमानातल्या पोराचा पट्टा

“काकू, हा बेल्ट काढावा लागेल,” अनुष्का म्हणाली. कुसुमावतीबाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

दिल्ली कँटोन्मेंटमधल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज बाईंच्या हातचे. विमान मात्र त्यांनी पहिल्यांदाच शिवलं होतं. मानेसरच्या एका खासगी संग्रहालयात शंभरेक वर्षांपूर्वीच्या विमानाची छताला टांगायची प्रतिकृती उभी राहत होती. अनुष्का तिथली अधिकारी. त्या काळी पंख कापडाचे असत हे तिच्याकडून कळल्यावर बाई आधी पोट धरून हसल्या, आणि मग महिनाभर लाकडी सांगाड्यावर कापड ताणून शिवत बसल्या. आत बसवलेल्या वैमानिकाच्या पुतळ्याशीही त्यांची गट्टी जमली. जेमतेम विशीचा, चामडी टोपीतला परदेशी पोरगा. डबा उघडला की बाई आधी त्याला विचारत, “साहेब, भाकरी चालेल का?”

परवा त्यांनी सहज विचारलं, ह्याचं पुढे काय झालं. अनुष्कानं होतं ते सांगितलं. हवेत विमानाला हिसका बसला, हा जागेवरून फेकला गेला आणि संपलं. तेव्हा पट्टा बांधायची पद्धतच नव्हती. अशी कितीतरी पोरं गेली. ह्याची आई तर खाली मैदानातच बघत उभी होती.

बाईंचा धाकटा राजवीर नुकताच विमान चालवायला शिकायला गेला होता. त्यांना काही जेवण गेलं नाही. नवऱ्याचा फौजेतला पाठीवर घ्यायचा जुना पिठ्ठू माळ्यावरून काढून त्यांनी त्याचा पट्टा उसवला, आणि काल तो पोराच्या कमरेला आवळून खुर्चीला पक्का शिवून टाकला. तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

“बेल्ट नव्हता म्हणून तो गेला, काकू. तेच तर लोकांना दाखवायचंय ना?”

“बरोबर आहे गं तुझं. पण सगळं ठाऊक असून मी त्याला तसाच वर कसा पाठवू?”

पण उद्घाटन उद्यावर आलेलं. अनुष्का कात्री घेऊन पुढे झाली, तसा बाईंनी तिचा हात धरला.

“कापू नकोस. मी उसवते.”

टाके त्यांनीच घट्ट घातले होते, त्यामुळे वेळ लागला. पट्टा निघाल्यावर त्यांनी पोराचा चुरगळलेला कोट खाली ओढून सारखा केला.

कामगारांनी साखळ्या ओढल्या. विमान डुलत छताकडे निघालं, तशा बाई थेट त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. “आंटी, हट जाइए,” कोणीतरी ओरडलं. “रहने दो,” अनुष्का म्हणाली.

विमान छताला टेकलं, साखळ्या थांबल्या. बाईंचे दोन्ही हात झेलायला पसरलेले होते, ते तसेच राहिले.