दोघांचा एकच नंबर

मी एक जुना बटणांचा मोबाईल आहे. माझ्या बटणांवरचे आकडे पुसले गेले आहेत, पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आहे आणि बॅटरी अर्धा दिवसही तग धरत नाही. तरीही मित्रांनो, या जुलैत एका बाईचं काम माझ्यावाचून अडून बसलं होतं. त्याचीच ही हकिकत.

ललित आणि वर्षाचं नवं नवं लग्न झालं होतं, तेव्हा ललितने मला डिंडोलीच्या एका दुकानातून आणलं. तो सुरतेत, नवागामच्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्तर होता. बिघडलेले माग दुरुस्त करायचा. वर्षा घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. घरात फोन मी एकटाच, म्हणून आधार, पॅन, बँक, जिथे जिथे नंबर मागितला तिथे दोघांनीही माझाच लिहिला. मागांच्या खडखडाटातही माझी घंटी ऐकू यायची, याचं ललितला कोण कौतुक! तो मला खात्यातल्या लोकांना मुद्दाम वाजवून दाखवायचा. मीही तेव्हा फार भाव खाऊन होतो.

खोलीसाठी कर्ज काढलं, तेव्हापासून दोघं दरवर्षी सुरतेतल्याच पर्वत पाटियाला अविनाशकाकांकडे आयकराचं रिटर्न भरायला जायची. अविनाशकाका बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने शांत. रिटर्न नवरा-बायकोचं वेगवेगळंच असतं, पण ही दोघं एका बाकावर बसायची आणि दोघांचे कोड माझ्याकडे यायचे. ललित ते वाचून दाखवायचा. वर्षाचा पासवर्डही त्यालाच पाठ. तिला तो विचारावासा कधी वाटला नाही, आणि त्यालाही कधी सांगावासा वाटला नाही.

पुढे ललितने नव्या नंबराचा, मोठ्या काचेचा फोन घेतला. सिम मात्र माझ्याच पोटात राहिलं आणि मी सुईदोऱ्याच्या डब्यात गेलो. तिथे मला दोघांची भांडणं ऐकू यायची. ती कशावरून सुरू होतात ते आधी कळायचं. नंतर ती कशावरूनही व्हायला लागली. शेवटी सगळेच दमले. गेल्या हिवाळ्यात कोर्टाने घटस्फोट दिला आणि वर्षा मुलीला, सायलीला, घेऊन कामरेजला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. भांडी वाटली गेली, कपाट वाटलं गेलं. मला कुणी मोजलंच नाही.

कामरेजला वर्षाने भरतकामाचं मशीन घ्यायचं ठरवलं. बँकेने यंदाचं रिटर्न मागितलं. अविनाशकाकांनी तिचे कागद तयार केले. पत्ता नवा, खातं नवं. पॅनवर मुळातच तिच्या वडिलांचं, निंबा यांचं नाव असल्यामुळे तिथे काही बदलायचं नव्हतं. पण पासवर्ड ललितकडे, आणि तो नव्याने घ्यायचा तर कोड यायचा माझ्याकडे. आधारवर आपला नंबर लावायचा अर्ज तिने दिला होता, तो अजून लागला नव्हता. रिटर्नची शेवटची तारीख उद्यावर आली होती. ललितला फोन करायला तिची जीभ रेटेना. शेवटी काकांनीच केला, त्याचंही रिटर्न राहिलंच होतं.

ललितने मला डब्यातून काढून सिमला रिचार्ज मारला आणि चार्जिंगला लावलं. बराच वेळ मला उजेडच फुटेना. माझी बॅटरी फुगली होती, कुणी महिनोन्‌महिने विचारलं नव्हतं. पण वर्षाचं मशीन डोळ्यांपुढे होतं, म्हणून मी कसाबसा जीव धरला आणि त्याच्या खिशातून पर्वत पाटियाला गेलो.

दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली. काकांनी कोड मागवला. मी वाजलो. ललितने आकडे पाहिले आणि मला मुठीत झाकून घेतलं. वेळ संपली, कोड वाया गेला. काका चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "ललितभाऊ, परत पाठवतो. फोन किती टिकेल ते बघा."

माझ्यात एकच रेघ उरली होती. दुसरा कोड आला. ललित मला मुठीत धरून वर्षाकडे न बघताच गावाकडच्या बोलीत म्हणाला, "हाई सांगं का मग तुनं मनाकडे काहीच नही." एवढा कोड सांगितला की तिचं त्याच्याकडे काहीच उरणार नव्हतं.

वर्षाला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती नुसती भिंतीला टेकली. म्हणाली, "मी भलती थकी गऊ, सायलीना पप्पा. सांगी द्या."

तिचा आवाज ऐकून ललितची मूठ सैल झाली. त्याने एकेक आकडा सावकाश वाचला. काकांनी नवा पासवर्ड वर्षाकडून तिच्याच हाताने टाकून घेतला, मग माझ्या जागी तिचा नंबर घातला. तिचं रिटर्न गेल्याचा निरोप तिच्याच फोनवर वाजला. मी मात्र गप्प होतो. मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. पण हायसंही वाटलं. दोन माणसांचं ओझं मी फार वर्षं वाहिलं होतं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या फोनला अधूनमधून चार्जिंग द्या, एवढं सांगून मी थांबलो असतो. पण आज घरी गेलात की आईला एक विचारा. तिच्या नावाचे कोड कुणाच्या फोनवर येतात? दुसऱ्या कुणाच्या येत असतील, तर तिचा नंबर आणि तिचा पासवर्ड तिच्या हातात आणून द्या. घरात सगळी हसतखेळत आहेत तेव्हाच द्या. नंतर ते मागताना माणूस फार थकतो. मी पाहिलं आहे.